लखौरी विटांच्या शेजारी जिप्समची भिंत

लखनौच्या चौक, हुसैनाबाद, कैसरबाग या भागांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची घरे आजही नांदती आहेत. उंच छत, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, कमानीच्या खिडक्या आणि मध्ये मोठे दालन. आजच्या गरजा मात्र लहान लहान खोल्यांच्या असतात. एका भावाला शिकवणीचे वर्ग चालवायचे असतात, कुणाला दवाखान्यासाठी आडोसा हवा असतो, कुठे वयस्कर आईसाठी वेगळी खोली करायची असते. दालनात विटांची नवी भिंत घालणे महाग, ओले आणि जड काम. म्हणून जिप्सम बोर्डाचे पार्टिशन उभे राहते. काही दिवसांत खोली तयार होते. हिवाळा बरा जातो, मे महिना येतो, आणि नवी भिंत जुन्या भिंतीला जिथे टेकते तिथे फरशीपासून छतापर्यंत केसासारखी बारीक भेग उमटते. पुट्टी भरली, रंग मारला, तरी पुढच्या मोसमात ती पुन्हा हजर.

या भेगेचा दोष सहसा बोर्डाला दिला जातो, नाहीतर जुन्या भिंतीला. खरे कारण त्या दोघांमधल्या सांध्यात असते. दोन भिंतींची घडण वेगळी, वजन वेगळे, ऊन-पाण्याला प्रतिसाद देण्याची रीत वेगळी. आणि आपण त्यांना कडक पुट्टीने एकजीव करायला जातो. चांगला कारागीर उलटे करतो. दोघींना आपापल्या जागी हलू देणारा सांधा तो आधी आखतो आणि मगच बोर्ड कापतो.

जुनी भिंत कशाची असते

अवधच्या नवाबी काळातल्या बांधकामाची ओळख म्हणजे लखौरी वीट. आजच्या विटेच्या जेमतेम एक तृतीयांश जाडीची, आकाराने लहान, चांगली भाजलेली. अशा असंख्य विटा चुना आणि सुरखीच्या, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीच्या, दर्जांत (विटांमधल्या सांध्यांत) बसवत भिंत वर न्यायची. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ साली दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला. त्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. त्यावरच्या छताला ना लोखंडी तुळई, ना लाकडी. लहान विटा आणि चुना यांच्या कमानदार रचनेनेच ते तोलले आहे. सामान्य हवेल्या अर्थातच त्या मापाच्या नव्हत्या, पण त्यांचे साहित्य हेच होते.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवायचा, सुरखीबरोबर मळायचा, त्यात बेलफळाचा गर, गूळ, उडदाच्या डाळीचे पाणी, तागाचे तुकडे घालायचे. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर आणि वाड्यांच्या परिसरात चुन्याचे जे घाणे दिसतात तीही याच विद्येची खूण. भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा हळूहळू दगडासारखा होतो. तरीही तो सिमेंटइतका कडक कधीच होत नाही. त्यात बारीक छिद्रे राहतात. भिंत पावसाळ्यात ओलावा घेते आणि कोरड्या दिवसांत बाहेर सोडते. जमीन किंचित खचली, भिंत थोडी सरकली, तर चुन्याच्या दर्जा ती हालचाल हजार ठिकाणी वाटून घेतात. गोमतीच्या गाळाच्या जमिनीवर ही घरे टिकली, त्यात या मऊपणाचा मोठा हात आहे.

या भिंतीला सरळ रेषेचे वावडे असते. वर दोन इंच आत, मध्ये पोट बाहेर, खाली गिलाव्याचे पोपडे, हे नेहमीचे चित्र. गिलाव्याची जाडीही जागोजागी बदलते.

नवी भिंत कशाची असते

जिप्सम हे खनिज म्हणजे पाणी धरून असलेले कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणी असते. खनिज साधारण १५० अंशांना तापवले की यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि आपण ज्याला पीओपी म्हणतो ती भुकटी मिळते. तिच्यात पाणी मिसळले की ती पुन्हा घट्ट होते. हा लगदा दोन कागदांच्या मध्ये पसरून सपाट तक्ता करण्याची वाट अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांच्या १८९४ च्या पेटंटने मोकळी केली. भारतातले बहुतेक जिप्सम राजस्थानच्या जमिनीतून निघते. बोर्डापर्यंत आग पोहोचली की आतले बांधलेले पाणी वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ मागची बाजू फार तापत नाही. आगीपुढे बोर्ड टिकाव धरतो तो यामुळे.

पार्टिशनसाठी साधारण १२.५ मिलिमीटर जाडीचे बोर्ड वापरतात. फरशीवर आणि छताला जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चॅनल, त्यांत सुमारे ६०० मिलिमीटर अंतरावर उभे स्टड, दोन्ही बाजूंनी बोर्ड, मध्ये हवे तर खनिज लोकर. अशा भिंतीचे वजन दर चौरस मीटरला साधारण २५ किलो. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत त्याच्या दहापट भरते. तीन मीटर उंच आणि चार मीटर लांब भिंत घेतली, तर एकीकडे ३०० किलो आणि दुसरीकडे तीन टन. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, लाकडी कड्यांवर बसवलेल्या जमिनीवर, हा फरक सुरक्षिततेचा असतो. लखनौ भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते, म्हणूनही हलकी भिंत बरी.

हलक्या आडभिंतीची कल्पना आपल्याला नवी नाही. कोकणातल्या घरांत कारवीच्या काठ्यांचे कूड उभे करून त्याला शेणमातीने लिंपत. छताचा भार लाकडी खांब घेत आणि कूड फक्त खोली वेगळी करी. आजचे जिप्सम पार्टिशनही तेवढेच करते, आणि त्याच्याकडून जास्त अपेक्षा धरू नये.

भेग का पडते

लखनौमध्ये जानेवारीच्या धुक्यात घराच्या आतले तापमान दहा-बारा अंशांवर येते आणि मेच्या लूमध्ये, म्हणजे उष्ण वाऱ्यांत, चाळिशीपर्यंत जाते. तीस अंशांच्या या फरकाने चार मीटर लांबीचा पत्रा जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतो. विटांची भिंत साधारण त्याच्या निम्मीच वाढते, आणि जाडीमुळे ती तापतेही सावकाश. भर पावसाळ्यात बोर्ड दमट हवेने किंचित फुगतो आणि लूच्या दिवसांत आकसतो. म्हणजे सांध्यावर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची ओढाताण दरवर्षी ठरलेली.

आता सांध्यात एक मिलिमीटरची फट ठेवून ती पीओपीने भरली असेल तर तिच्याकडून निम्म्याने किंवा त्याहून जास्त ताणले जाण्याची अपेक्षा आपण करतो. पीओपी ताणले जातच नाही, तुटते. तीच फट पाच-सहा मिलिमीटरची ठेवून तिच्यात लवचिक ॲक्रिलिक सीलंट भरले, तर तेवढीच हालचाल त्याच्या रुंदीच्या दहा-बारा टक्क्यांवर येते, आणि ती चांगला सीलंट सोसू शकतो. लहान फट दिसायला नीटस, मोठी फट टिकायला पक्की. या एका हिशोबावर सगळा सांधा उभा आहे.

काम सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट ओळंबा. ज्या जागी पार्टिशन टेकणार तिथे भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडून दर फुटाला अंतर मोजून लिहावे. नवा स्टड ओळंब्यात उभा राहतो, जुनी भिंत राहत नाही. म्हणून शेवटच्या बोर्डाची कड त्या मापांनुसार वाकडी कापावी लागते. सरळ कापलेला बोर्ड लावून मग मोठ्या फटीत पीओपी कोंबणे ही सगळ्यांत नेहमीची चूक.

दुसरी गोष्ट ठोकून बघणे. गिलाव्यावर बोटाच्या गाठींनी ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा विटेपासून सुटला आहे. तो भाग काढून चुन्यानेच दुरुस्त करावा आणि पुरता सुकू द्यावा. तिथे सिमेंट लावले तर ओल त्या कडक थराच्या बाजूंनी बाहेर पडू लागते आणि शेजारचा चांगला गिलावाही निकामी होतो.

तिसरी गोष्ट ओल. जुन्या घरांच्या पायात आजच्यासारखा ओलप्रतिबंधक थर बहुधा नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, सुकते, आणि मागे क्षार राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. भिंतीच्या तळाशी वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी उघडून पाहावा. मागच्या बाजूला थेंब धरले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. अशा भिंतीला बोर्डाची कड थेट टेकवली तर जिप्सम ते पाणी शोषून मऊ पडते आणि कागदावर बुरशी धरते. आधी ओलीचे मूळ शोधावे: गळका नळ, अंगणाचा उलटा उतार, बाहेरून लावलेले सिमेंट. त्यानंतरही भिंत आणि स्टड यांच्यामध्ये डांबरी फेल्टची पट्टी घालावी.

जुन्या भिंतीला टेकताना

शेवटचा उभा स्टड जुन्या भिंतीला बसवण्याआधी त्याच्या पाठीला फोमची पट्टी चिकटवतात. ती उंचसखलपणा भरून काढते, आवाज अडवते आणि पत्र्याला चुन्यापासून दूर ठेवते. मग साधारण दोन-दोन फुटांवर फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) घालून स्क्रू. लखौरी भिंतीत ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, नुसते फिरते ड्रिल वापरावे. हातोड्याच्या धक्क्यांनी चुन्याच्या दर्जा मोकळ्या होतात आणि पातळ वीट तडकते. छोटा फिशर गिलाव्यातच अडकून राहतो. गिलावा पार करून विटेत पुरेसा आत जाणारा लांब फिशर हवा. दर्जेत पडलेले भोक भरून टाकावे आणि बोटभर सरकून वीट शोधावी.

भिंतीवर जुने चुनेकाम, वेलबुट्टी किंवा उठावाची नक्षी असेल तर तिथे एकही स्क्रू मारू नये. लखनौमध्ये या कलेची परंपरा मोठी आहे. क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाने बांधलेल्या कॉन्स्टान्शिया या प्रासादात, म्हणजे आजच्या ला मार्टिनियर कॉलेजात, गिलाव्यातले उठावकाम पाहण्यासारखे आहे. साध्या हवेल्यांतही कमानींभोवती अशी नक्षी सापडते. अशा ठिकाणी पार्टिशनचा भार फक्त फरशीवर आणि छतावर द्यावा, शेवटचा स्टड भिंतीपासून बोटभर मोकळा ठेवावा आणि मधली जागा दाबली जाणारी पट्टी घालून बंद करावी.

बोर्डाची कड भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर दूर थांबवावी, तिथे धातूची कडपट्टी लावावी आणि फट सीलंटने भरावी. रंग देता येईल असा ॲक्रिलिक सीलंट घ्यावा; साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. फट झाकायची नसेल तर दहा-बारा मिलिमीटरची खाच मुद्दाम उघडी ठेवून तिच्या तळाशी सीलंट भरतात. वाकड्या भिंतीशेजारी ही खाच फार शोभते, कारण सावलीत भिंतीचे पोट लपते आणि जुने कुठे संपते, नवे कुठे सुरू होते ते स्पष्ट राहते. रंगही तिथेच बदलावा. चुन्याच्या भिंतीला चुन्याचा हात द्यावा, बोर्डाला प्रायमर लावून नेहमीचा रंग. एकच प्लास्टिक रंग दोन्हीकडे ओढला तर जुन्या भिंतीची ओल त्याच्यामागे अडकते आणि रंगाला फुगे येतात.

जुनी भिंतही बोर्डाचीच असेल तर

गोमतीनगर किंवा हजरतगंजमधल्या कार्यालयांत जुनी भिंतही अनेकदा जिप्समचीच असते. इथे नियम बदलतो, कारण दोन्हीकडचे साहित्य एकच असल्याने सांधा एकजीव करता येतो. मात्र नव्या भिंतीचा शेवटचा स्टड जुन्या भिंतीच्या स्टडलाच बसला पाहिजे. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू दार आपटण्याच्या धक्क्यांनी काही महिन्यांत सैल होतो. जिथे स्टड नाही तिथे जुन्या बोर्डाची उभी पट्टी कापून आत नवा स्टड घालावा आणि ती पट्टी परत बसवावी.

आतल्या कोपऱ्यात कागदी टेप वापरावी, मधल्या घडीवर दुमडून. आधी सांधे भरण्याच्या कंपाउंडचा पातळ थर, त्यात टेप दाबून बसवायची, वर पुन्हा पातळ थर. जाळीची टेप सपाट सांध्यांना ठीक, पण कोपऱ्यात तिला नीट घडी पडत नाही आणि तिथेच भेग येते. नवी भिंत जुनीच्या सरळ रेषेत पुढे न्यायची असेल, उदाहरणार्थ जुने दार बुजवताना, तर जुन्या बोर्डावरचा तेली रंग आधी घासकागदाने घासून काढावा, नाहीतर कंपाउंड त्याला धरत नाही. कापलेल्या कडांना कारखान्यातल्या कडांसारखा उतार नसतो, म्हणून टेपचा उंचवटा राहतो. तो जाड थराने लपत नाही. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद ओढत शेवटी फूटभर रुंदीपर्यंत न्यावा, म्हणजे डोळ्याला चढ जाणवत नाही.

कंपाउंड दोन प्रकारचे. बादलीत तयार मिळणारे पाणी उडून सुकते, भुकटीचे रासायनिक क्रियेने घट्ट होते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पहिला प्रकार फार सावकाश सुकतो. आधीचा थर ओला असताना वरचा चढवला तर पुढे आकसून सांधा खचतो. लूच्या दिवसांत दुसऱ्याची क्रिया पुरी होण्याआधीच पाणी उडते आणि थर भुसभुशीत राहतो, म्हणून तेव्हा खिडक्या आणि पंखे बंद ठेवून काम करावे. भुकटी कालवण्याची बादली दर वेळी स्वच्छ धुवावी. आदल्या घट्ट झालेल्या जिप्समचे कण नव्या मिश्रणात गेले की ते हातात असतानाच घट्ट होऊ लागते.

छत, फरशी आणि दार

गच्चीखालच्या मजल्यावर उन्हाने स्लॅब तापतो आणि दिवसभरात किंचित वर-खाली होतो. बोर्ड छताला घट्ट भिडवला तर तो दाब बोर्डावर येतो. म्हणून वरचा चॅनल खोल घ्यावा, स्टड त्याच्या तळापर्यंत न नेता थोडे आखूड ठेवावेत आणि बोर्ड वरच्या चॅनलला स्क्रूने बांधू नयेत. फरशीपासूनही बोर्ड सुमारे दहा मिलिमीटर वर ठेवावा. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. ते पाणी कापलेल्या कडेत चढले तर बोर्ड खालून फुगतो. फट सीलंटने बंद करून वर स्कर्टिंग लावावे. दाराची चौकट जुन्या भिंतीला चिकटून ठेवू नये, निदान फूटभर तरी लांब घ्यावी. दार आपटले की धक्का थेट सांध्याला बसतो.

आवाजाचा हिशोब

बड्या इमामबाड्यात मार्गदर्शक एका टोकाला काडी पेटवतात आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला तिचा आवाज ऐकू येतो. लखनौला आवाजाची जाण जुनी आहे. विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच शहरात मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. पुढे भातखंडे यांचे नाव लाभलेली ही संस्था आज कैसरबागेत आहे. शेजारच्या खोलीतला तानपुरा आपल्या खोलीत ऐकू आला तर गायनाचा वर्ग चालू शकत नाही. अभ्यासिका, दवाखाना, आजारी माणसाची खोली यांनाही हेच लागू पडते.

इथे सांध्याचे महत्त्व आकड्यांत दिसते. समजा पार्टिशन ४५ डेसिबल आवाज अडवू शकते. तीन मीटर उंच, चार मीटर लांब अशा भिंतीच्या एका कडेला तीन मिलिमीटरची उघडी फट राहिली. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या हजारात एक भागापेक्षाही ती कमी आहे. तरी तेवढ्या फटीमुळे भिंतीची एकूण ताकद ३१ डेसिबलच्या आसपास उतरते. महाग लोकर, दुहेरी बोर्ड, सगळा खर्च त्या फटीतून वाया जातो. दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत न तुटता भरलेली सीलंटची एक रेघ हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

परवानगी आणि परतीची वाट

लखनौच्या जुन्या वस्त्यांमध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित स्मारके विखुरलेली आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते नियंत्रित आहे, आणि या पट्ट्यांत आधीपासून असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. घर त्या परिघात असेल तर काम सुरू करण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी.

कायद्याच्या पलीकडची एक जबाबदारी घरमालकाची असते. जिप्सम पार्टिशन वीस-तीस वर्षांसाठी उभे राहते; मुले मोठी होतात, वर्ग बंद होतात, दालन पुन्हा एक करावेसे वाटते. लखौरी भिंतीने मात्र अनेक पिढ्या पाहिल्या आहेत आणि नीट ठेवली तर आणखी पाहील. म्हणून जुळवून घेण्याचे काम नेहमी नव्या भिंतीने करावे: तिची कड वाकडी कापावी, तिचा सांधा मऊ ठेवावा, तिचे स्क्रू कमीत कमी असावेत, तिच्यासाठी जुन्या भिंतीत विजेच्या खाचा खोदू नयेत. कंत्राटदाराशी दर ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा: हे पार्टिशन उद्या काढले तर मागे काय राहील? ‘चार-सहा भोके, चुन्याने भरता येतील’ असे उत्तर देणाऱ्या कारागिराच्या हाती जुने घर निर्धास्तपणे सोपवावे.